मामाचं नाव एलिस आयलंडच्या भिंतीवर लावलं, तुम्हाला कुणाचं लावायचं असेल तर हे वाचा

नाशिकचा माणूस पांडवलेणीला साधारण तीनदा जातो, शाळेच्या सहलीला, कॉलेज बुडवून, आणि घरी पाहुणे आले की. मी चौथ्यांदा गेलो ते अमेरिकेतला एक फॉर्म भरायचा होता म्हणून. ऐकायला येड्यासारखं वाटतंय, पण सांगतो.

माझा मामा १९६९ ला अमेरिकेला गेला, तिकडेच नोकरी, तिकडेच संसार, तिकडेच वारला. वर्षश्राद्ध झाल्यावर मामेबहिणीचा न्यू जर्सीतल्या एडिसनहून फोन, "दादा, बाबांचं नाव एलिस आयलंडच्या भिंतीवर लावायचंय, तेवढं आत्याला विचारून त्यांचं पूर्ण नाव नीट कळव ना." मला वाटलं दोन मिनिटांचं काम आहे. पाच महिने लागले. पैशांचा प्रश्न नव्हता आणि फॉर्मही सोपाय, सगळा वेळ गेला तो नावावर, म्हणून इथेही मी नावाबद्दलच जास्त लिहिणारे, बाकीचं तुम्ही साईटवर वाचालच.

आधी ती भिंत काय आहे ते. न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याशेजारचं बेट म्हणजे एलिस आयलंड. १ जानेवारी १८९२ ला तिथे बाहेरून येणाऱ्या लोकांची तपासणी सुरू झाली, १२ नोव्हेंबर १९५४ ला बंद झाली, आणि तेवढ्या काळात १ कोटी २० लाखांच्या वर माणसं तिथून आत गेली. डॉक्टर जिन्यापाशी उभे राहून वर येणाऱ्या माणसाकडे नुसतं बघायचे, कोण लंगडतोय, कोणाला धाप लागतेय, आणि संशय आला की कोटावर खडूने अक्षर काढायचे. डोळ्यांच्या रोगासाठी पापणी उलटून बघायचे. १९९० पासून तिथे म्युझियम आहे, आणि मागच्या बाजूला उघड्यावर, मॅनहॅटनच्या इमारती दिसतात तिथे, स्टीलच्या पॅनेलांची लांबलचक भिंत आहे, तिच्यावर ७ लाख ७५ हजारांच्या वर नावं आहेत. अमेरिकन इमिग्रंट वॉल ऑफ ऑनर म्हणतात तिला, आणि तिचं काम स्टॅच्यू ऑफ लिबर्टी-एलिस आयलंड फाउंडेशन बघतं, ही सरकारी कचेरी नाही, देणग्यांवर चालणारी संस्था आहे.

आता पहिली शंका, जी मलाही आली. मामा तर विमानाने गेला, त्याने ते बेट पाहिलं असेल तर रविवारी पोरांना घेऊन फिरायला गेला तेव्हा, मग त्याचं नाव तिथे कसं काय? तर चालतं. कुठल्या साली आला, कुठल्या बंदरातून किंवा विमानतळावरून आला याची अट नाही, माणूस हयात असला तरी चालतं. जॉर्ज वॉशिंग्टनच्या पणजोबाचं नाव त्या भिंतीवर आहे, आणि तो पणजोबा सतराव्या शतकात आलेला, तेव्हा एलिस आयलंडवर तपासणी वगैरे काही नव्हतं.

शिवाय आपल्या लोकांचा त्या बंदराशी एक संबंध आहे जो मला आधी माहीत नव्हता. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून कामासाठी जाऊन तिथे स्थायिक होणं जवळजवळ बंदच केलं होतं, १९४६ ला दार किलकिलं केलं ते वर्षाला १०० माणसांपुरतं. मग ३ ऑक्टोबर १९६५ ला अध्यक्ष जॉन्सननी नवीन कायद्यावर सही केली आणि ती सही केली कुठे तर त्याच पुतळ्याच्या पायथ्याशी, शेजारच्या बेटावर. आपल्याकडचे इंजिनियर डॉक्टर जे धडाधड गेले ते त्यानंतर. म्हणजे मामा त्या बंदरातून गेला नाही पण त्याच्यासाठी दार उघडलं ते तिथेच. बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली बाबांना हे माहीत होतं, त्यांनी मला शाळेत असताना सांगितलेलं, माझंच लक्ष नव्हतं. असो.

आता कामाला लागा. पहिलं काम कागद जमवायचं. पासपोर्ट (पहिला, जुना, कोपरा कापलेला), एसएससीचं सर्टिफिकेट, तिकडच्या नागरिकत्वाचं सर्टिफिकेट, लग्नाची पत्रिका, आणि माणसाने स्वतः पाठवलेली पत्रं. पत्रं सगळ्यात महत्त्वाची, कारण सरकारी कागदावर दुसऱ्याने लिहिलेलं नाव असतं आणि पत्राखाली माणसाने स्वतः केलेली सही असते. आईकडे मामाची निळी एरोग्रामं होती, साखरेच्या डब्यात, का साखरेच्या डब्यात ते विचारू नका.

आणि मग गोंधळ सुरू झाला. मामाचं नाव मी इथे टाकत नाही पण आमच्या आजोळच्या आडनावात 'क्ष' आहे एवढं सांगितलं की पुढचं तुम्हाला कळेल. एसएससीवर के-एस-एच, पासपोर्टवर एक्स, नागरिकत्वाच्या कागदावर परत के-एस-एच पण पुढे डबल ई. मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव, ते तिकडच्या कागदांवर नुसतं व्ही होऊन बसलेलं. ऑफिसात त्याला लोक पहिल्या नावाचा अर्धा तुकडा पाडून हाक मारायचे. घरी बंडू. आईचं म्हणणं एकच, "अरे बंडू लिही ना, त्याला दुसऱ्या नावाने कोण ओळखतं?"

स्टीलवर एकदा कोरलं की कोरलं, त्यामुळे स्पेलिंगचा निर्णय फोनवर घाईघाईत घेऊ नका, सगळे कागद टेबलावर मांडा आणि बघा. याचं उदाहरण आपल्याकडे आहेच. आनंदीबाई जोशी १८८३ ला न्यूयॉर्कला उतरल्या, एलिस आयलंड सुरू व्हायच्या आधी, १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, वय एकवीस. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्यात, आणि तिथल्या दगडावर जोशी लिहिताना शेवटी डबल ई आहे. आज आपण कोणीच जोशी असं लिहीत नाही, पण ते त्या काळचं स्पेलिंग आहे, म्हणून तिथे तेच बरोबर दिसतं. मला यातून एवढं कळलं की माणूस स्वतः जशी सही करायचा तसं लिहावं, आज आपल्याला काय शुद्ध वाटतं तसं नाही. मामाची सही एक्सवाली होती, मग एक्स.

एक जुना समज काढून टाका, की एलिस आयलंडवरच्या कारकुनांनी लोकांची नावं बदलली. ते कारकून नवीन नाव लिहीतच नव्हते, जहाज जिथून निघालं तिथे बनवलेली प्रवाशांची यादी समोर ठेवून तपासायचे, त्यामुळे चूक असली तर ती बहुतेक निघतानाच झालेली. तुमचे आजोबा-पणजोबा १९५७ च्या आधी जहाजाने न्यूयॉर्कला उतरले असतील, शिकायला म्हणून का होईना, तर फाउंडेशनच्या साईटवर १८२० ते १९५७ च्या प्रवाशांच्या याद्या फुकट शोधता येतात, साडेसहा कोटी नोंदी आहेत. शोधताना आडनावाच्या जागी पहिलं नाव टाकून बघा, उलटसुलट करा, शेवटची अक्षरं गाळा, कुलकर्णीचं काहीही झालेलं असू शकतं. मामा विमानाने गेलेला त्यामुळे तिथे सापडणारच नव्हता, तरी मी एक रात्र घालवली.

दुसरं काम, आणि हे नाशिककरांना सोपंय, रामकुंडावर जाऊन आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांची वही बघा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रामकुंडावर आणि त्र्यंबकला उपाध्यायांकडे पिढ्यान् पिढ्या यजमानांच्या नोंदींची बाडं आहेत, गाव आणि आडनाव सांगितलं की कोणाकडे आहेत ते कळतं, आणि त्यात तुमच्या घरातलं कोण कधी आलं, कशासाठी आलं, बरोबर कोण होतं, बापाचं आजोबांचं नाव काय, सगळं लिहिलेलं असतं. जुनी पानं मोडीत असतात त्यामुळे तुम्ही मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न करू नका, ते वाचून दाखवतात. गावाचं जुनं नाव आणि कुलदैवत माहीत असू द्या, नुसतं आडनाव सांगून भागत नाही, एकाच आडनावाची शंभर घराणी असतात.

आमच्या गुरुजींनी लाल कापडात बांधलेलं बाड सोडलं, बोटाला थुंकी न लावता कडेने पान उलटलं (मला उगाच बरं वाटलं), आणि मामाच्या आजोबांची नोंद काढली, मग वडिलांची, आणि वडिलांच्या नोंदीखाली चार मुलांची नावं, त्यात मामाचं. आणि तिथे कळलं की मामाचं नाव कागदावर आहे त्याहून एक अक्षर वेगळंय, शाळेत घालताना मास्तरांनी बदललेलं. आई गप्प बसली, मग म्हणाली, "हो रे, दादा म्हणायचे, शाळेत गेला आणि नाव हरवून आला." हे अमेरिकेत कोणाला कळायचं कारणच नव्हतं. भिंतीवर आम्ही सहीतलंच नाव ठेवलं, पण खरं नाव कुठलं हे आता घरात सगळ्यांना माहितीये, एवढ्यासाठी तरी जाऊन या.

तिसरं काम, काय काय लिहायचं ते ठरवा. आणि आता पांडवलेणीवर येतो. सतरा नंबरच्या लेण्यात एक शिलालेख आहे, ब्राह्मी लिपीत, प्राकृतात. लेणं खोदवणारा माणूस सांगतो की मी उत्तरेकडचा, दातामितीचा राहणारा, योनक, म्हणजे यवन (तेव्हा ग्रीकांना म्हणायचे), धम्मदेवाचा मुलगा इदाग्निदत्त. तिरण्हू डोंगरात (याच डोंगराचं जुनं नाव) हे लेणं खोदवलं, आत चैत्यघर आणि पाण्याची टाकी, आईवडिलांसाठी, आणि बरोबर मुलगा धम्मरखित. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. बाहेरून आलेला माणूस, आपल्या डोंगरात, आपल्या इकडच्या भाषेत, आईबापाच्या नावाने पाण्याची टाकी बांधतोय, आणि आपण अजून एसटी स्टँडवरच्या पाणपोईवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहितोय, फरक काय सांगा. मी फोटो काढून बहिणीला पाठवला आणि म्हटलं, यात बघ, कोण, कुठला, कोणाचा मुलगा, कोणासाठी, बरोबर कोण. एवढंच पाहिजे. पदव्या नाहीत, गोडवे नाहीत.

भिंतीवर अर्थात एवढं मावत नाही, तिथे नावच असतं, एकट्याचं, जोडप्याचं किंवा कुटुंबाचं. देशाचं नाव फॉर्ममध्ये विचारतात. आमच्याकडे भारत लिहिण्यात काही प्रश्न नव्हता, पण देवळालीतल्या माझ्या एका सिंधी मित्राच्या आजोबांचा जन्म कराचीचा, फाळणीत इकडे आले, मग मुलाबरोबर अमेरिकेत गेले, त्यांच्यासाठी काय लिहायचं यावर त्या घरात तीन आठवडे भांडण चालू होतं. ते ज्याने त्याने ठरवावं, पण फॉर्म उघडण्याआधी ठरवा.

जोडप्याचं लिहायचं तर मामीला विचारा. हो, लिहितोय कारण आम्ही विसरलो. बहिणीने बाबांचं म्हणून सुरू केलं आणि मामी चार दिवसांनी सहज म्हणाल्या, "विमानात मी पण होते." त्या खरं तर सहा महिन्यांनी गेल्या, एकट्या, पहिल्यांदा विमानात बसून, पोटात बाळ. मग दोघांचं टाकलं. आणि बाईचं नाव माहेरचं की सासरचं हेही त्यांनाच ठरवू द्या, मामींनी दोन्ही सांगितली.

फॉर्मबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रक्कम डॉलरमध्ये, एकाचं वेगळं, जोडप्याचं वेगळं, आणि ती बदलते त्यामुळे साईटवरच बघा, कोणी एजंट 'आम्ही करून देतो' म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. इकडून भरायचं तर कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करा, नवीन कार्ड मिळतं तेव्हा ते बंदच असतं, बँकेच्या ॲपमध्ये एक बटण आहे. तिकडे नातेवाईक असेल तर त्यालाच भरू द्या, झंझट नको. मात्र सबमिट करायच्या आधी ती स्क्रीन दुसऱ्या माणसाला अक्षर-अक्षर मोठ्याने वाचायला लावा. मी भरलं होतं, सात वेळा तपासलं होतं, आणि बहिणीने वाचलं तर मामींच्या नावात एक ए कमी. आपण लिहिलेलं आपल्याला दिसत नाही. तिने शिव्या घातल्या, त्या बरोबर होत्या.

कागदावर सर्टिफिकेट मिळतं. कोरण्याचं काम बॅचने होतं, म्हणून पैसे भरले आणि पुढच्या रविवारी गेलो असं करू नका, आधी ऑनलाइन शोधून नाव कुठल्या पॅनेलवर आहे ते लिहून घ्या, नाहीतर साडेसात लाखांच्या वर नावांत फिरत बसाल. बेटावर जायला मॅनहॅटनच्या बॅटरीवरून किंवा जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कवरून फेरी आहे, आपली बहुतेक मंडळी न्यू जर्सीत, त्यांना दुसरी सोपी. तिकीट फेरीचंच, बेटाचं वेगळं नाही. विमानतळासारखी तपासणी होते त्यामुळे नारळ, उदबत्ती, काडेपेटी असलं काही नेऊ नका, मावशी नेणार होत्या म्हणून सांगतोय. फुलंसुद्धा तिथे ठेवायची नाहीत असंच धरून चला.

ज्यांचं कोणी अमेरिकेत नाही तर मॉरिशसला गेलेलं, विशेषतः कोकणातून आलेल्या घरांत हे निघतं, त्यांनी वेगळी वाट धरा. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, २ नोव्हेंबर १८३४ ला गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांची पहिली तुकडी उतरली, पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या वर माणसं, त्यात मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती, आणि त्यांची घरं अजून तिथे गणपती बसवतात. त्या घाटाच्या सोळा पायऱ्या अजून आहेत, २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. नोंदी मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे माणूस नावाने कमी आणि नंबराने जास्त सापडतो, प्रत्येक मजुराला नंबर दिलेला, त्यामुळे तिकडच्या नातेवाईकांकडे एखादा जुना कागद असेल तर आधी नंबर शोधा.

आणि ज्यांना वाटेल की परदेश कशाला, इथेच काहीतरी लावू, त्यांना एकच सूचना, संरक्षित स्मारकावर हात लावू नका. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याकडे आहे, शंभर मीटरच्या आत काही बांधता येत नाही, पुढचे दोनशे मीटर परवानगीशिवाय नाही, आणि भिंतीवर नाव कोरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. इदाग्निदत्ताला चाललं, तुम्हाला चालणार नाही. स्वतःच्या सोसायटीत, शाळेत, वाचनालयात बाक द्या, तिथे ट्रस्टींचा ठराव लेखी घ्या, तोंडी 'हो' वर पाटी बनवू नका, आमच्या ओळखीतल्या एकांची पाटी दोन वर्षं गॅलरीत पडून आहे.

माझ्या मनात एक गोष्ट आहे बघा, शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, ते शरणपूर म्हणजे एकोणिसाव्या शतकात मिशनने वसवलेली वस्ती, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन पोरांना तिथे शिकवायचे. जेकब वेनराइट त्यातलाच, तो पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश प्रवाशाच्या शोधात गेलेल्या लोकांबरोबर आफ्रिकेत परतला, आणि १८७३ ला लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा झाडाच्या खोडावर त्याचं नाव यानेच कोरलं, नाशिकला गिरवलेल्या अक्षरात. ४ मे १८७३ अशी तारीख, आणि सोबतच्या माणसांच्या नावांची स्पेलिंगं अशी की आज कोणी करणार नाही. अशा परतलेल्या पोरांना तिकडे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणायचे, त्यांचे वंशज केनियात मोंबासाजवळ आहेत. त्या पोरांच्या नावाने शरणपूर रोडला एक साधा बाक तरी असावा असं मला फार वाटतं, कोणाला रस असेल तर सांगा, मी अर्ज लिहायला तयार आहे.

मामाचं काम झालं तेव्हा आई म्हणाली मला परत रामकुंडावर ने. गुरुजींनी तेच बाड काढलं आणि मामाच्या नावापुढे नोंद करायला घेतली, मृत्यूची तिथी, मुलीचं नाव, मुक्काम. मुक्काम एडिसन कसं लिहायचं यावर दोघांचं थोडं झालं, 'ए' की 'ॲ', शेवटी गुरुजींनी ए लिहिला आणि पुढे अमेरिका. आई म्हणाली, "कंसात बंडू लिहाल का?" त्यांनी लिहिलं. मग तिने खाली सही केली, नेहमीप्रमाणे माहेरच्या नावाने सुरू केली, मध्येच थांबली, आणि मग तशीच पूर्ण केली.